पाहुण्यांसमोरची भाषा

आमच्या गावाचं नाव कळसाडी. गावातल्या एकालाही ते नीट म्हणता येत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या पाटीवर ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, एसटीच्या फळ्यावर होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं. पण तोंडातून निघायचं ते 'कयसाडी'. ळ हे अक्षर आमच्याकडे पुस्तकात राहायचं आणि पुस्तक मिटलं की संपायचं. केळीला केयी, डोळ्याला डोया, पोळीला पोयी. मला स्वतःला यात काही खटकत नव्हतं, माझ्या मायलाही नाही, गल्लीतल्या कुणालाच नाही. खटकत होतं ते फक्त आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि घरात त्यांचंच चालत असल्यामुळे मग सगळ्यांनाच खटकून घ्यावं लागलं.

आप्पांची शेती चांगली होती. ऊस होता, कापूस होता, अंगणात ट्रॅक्टर उभा असायचा, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. एवढं असून हा माणूस आपल्या जिभेला लाजायचा. कारण काय, तर एकदा ऊस-उत्पादकांच्या कुठल्याशा शिबिराला ते पुण्याला गेले होते आणि तिथे हॉटेलात त्यांनी 'केया' मागितल्या. वेटरला कळेना. त्यांनी पुन्हा मागितल्या. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. झालं. ट्रॅक्टरवर बसल्यावर पाटलासारखा दिसणारा माझा बाप त्या केळ्यांपायी कायमचा वाकला. परत आला तो रेडिओ घेऊन. रोज संध्याकाळी खळ्यावरून आल्यावर हातपाय धुवायचे आणि बातम्या लावून बसायचे. निवेदक जे म्हणेल ते तोंडातल्या तोंडात म्हणायचे. बाहेर गोठ्यात बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजताहेत, चुलीवर कढीला उकळी येते आहे, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत कारखान्याकडे चालल्या आहेत, आणि आमचे आप्पा खाटेवर बसून 'मंत्रिमंडळाने निर्णय घेतला' असं पुटपुटताहेत. माय पदराआड हसायची. मीही हसायचे. आज विचार करते तेव्हा हसू येत नाही, नुसती कीव येते, आणि कीवही फार वेळ टिकत नाही.

आमचं घर तसं बोलघेवडं होतं. सकाळी उठल्यापासून माय कुणाशी ना कुणाशी बोलत असायची. म्हशीशी, कोंबड्यांशी, भिंतीपलीकडच्या काकूशी, आणि कुणीच नसलं तर भाकरीशी. 'आते फुगशी का नही तू?' असं ती तव्यावरच्या भाकरीला विचारायची आणि ती फुगली की 'आसं!' म्हणायची. माझी मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणते, ती शहाद्याच्या कॉलेजात बी.ए.ला होती. तिला ळ म्हणता यायचा. वर्गात उभं करून धडा वाचायला सांगितला तर प्राध्यापकही मान डोलवायचे. पण गावच्या फाट्यावर एसटीतून उतरली की ती लगेच आमच्यासारखी बोलू लागायची, आणि आप्पांचा सगळा राग त्यावरच होता. येत नसेल तर समजू शकतो; येत असून बोलत नाही म्हणजे काय?

हा राग वाढला तो नाशिकच्या पाहुण्यांपासून. आक्काला बघायला नाशिकहून एक कुटुंब आलं होतं. मुलाच्या मावशीने विचारलं, 'स्वयंपाक येतो ना गं तुला?' आक्का सहज बोलून गेली, 'येस ना!' आमच्याकडे 'येस' म्हणजे 'येतो'. पण त्या मावशीला वाटलं पोरगी इंग्रजी झाडते आहे. तिने भुवया उंचावल्या आणि म्हणाली, 'अरे वा, इंग्रजीसुद्धा!' मग भिकनमामांनी, म्हणजे मायच्या चुलतभावाने, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं, घाईघाईने खुलासा केला, आणि तो खुलासा ऐकून त्या घरातली सगळी माणसं अशी हसली की चहा सांडला. आठवड्याने निरोप आला: मुलगी छान आहे, पण भाषेचा प्रश्न आहे. भाषेचा प्रश्न! त्या मावशीचं स्वतःचं मराठी मला आजही आठवतं. 'मी तिला बोल्ली', 'ती मला बोल्ली'. पण ती नाशिकची होती आणि आम्ही कयसाडीचे, त्यामुळे प्रश्न आमच्या भाषेचा होता.

पुढचं स्थळही भिकनमामांनीच आणलं. मुलाचं नाव श्रीकांत. पुण्यात चांगली नोकरी, स्वतःचा फ्लॅट. घराणं मूळचं दोंडाईच्याकडचं, पण मामा ते 'मूळचं' असं म्हणायचे की जणू मूळ कधीच उपटून टाकलं आहे. 'मुलगा असा बोलस, असा बोलस,' मामा म्हणाले, 'जशे काय रेडिओ लायेल शे!' आप्पांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते कुठल्या मुलाची शेती ऐकूनही कधी पाहिलं नव्हतं. वडील वारलेले, बहीण-भाऊ नाहीत, फक्त आई. 'ती बी पुन्यालेच ऱ्हास,' मामा म्हणाले. तेवढ्यावर आमच्या घराने ठरवून टाकलं की ती कुणीतरी नाकात चमकी घालणारी, शुद्ध बोलणारी, चमच्याने पोहे खाणारी बाई असणार.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला दुसरा शब्द नाही म्हणून तालीम म्हणते. आप्पांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि जाहीर केलं, 'पाव्हना येतीन त्या दिन घरमा एक बी शबद आहिरानी नको!' हा हुकूम अहिराणीतच सुटला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आक्काने माझ्याकडे पाहिलं, मी खांबाकडे पाहिलं. मग त्यांनी मायला समोर घेतलं. 'म्हण, डोळा.' माय म्हणाली, 'डोया.' 'जीभ मांगे वय. डोळा.' मायने जीभ मागे वळवली, डोळे बारीक केले, सगळा जोर लावला आणि म्हणाली, 'डोर्रा.' मी आणि आक्का लोळून हसलो. मायही हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं जसं भाव न मिळालेल्या कापसाकडे पाहतात, आणि म्हणाले, 'तू तं तोंडच उघाडू नको. या, बसा, इतलंच बोल.'

'आनि त्यासनी काही इचारं तं?' मायने विचारलं.

'हासजो.'

मायने मान हलवली. जिने आयुष्यात एक भाकरीही गप्प बसून थापली नव्हती, त्या बाईला तिच्याच घरात, तिच्याच मुलीच्या लग्नाच्या बैठकीला हसण्याचं काम देण्यात आलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अकरावीतली मुलगी मी. मला त्या रेडिओसारखं बोलणाऱ्या पाहुण्याची ओढ लागली होती. तो आक्काला बघायला येणार होता, पण ऐकायचा मला होता.

ते आले जीप करून, सकाळीच. श्रीकांत उतरला, रुमालाने बुटावरची धूळ झटकली, आणि दारात उभा राहून म्हणाला, 'नमस्कार. जरासा उशीरच झाला हं आम्हाला, दिलगीर आहोत.' बस. एवढ्यावर मी विरघळले. दिलगीर हा शब्द मी फक्त रेडिओवर ऐकला होता, व्यत्ययाच्या वेळी. जिवंत माणसाच्या तोंडून, तोही आमच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभं राहून! 'आहोत' म्हणताना त्याचा 'हो' अलगद वर जायचा आणि 'त' कसा स्वच्छ पडायचा. 'किती सुंदर अंगण आहे हो तुमचं,' तो म्हणाला. आमच्या अंगणात तेव्हा तुराट्या, कडबा, एक मोडका वखर आणि खाटेखाली झोपलेलं कुत्रं होतं. आप्पांना केवढा आनंद झाला! त्यांनी 'धन्यवाद' म्हटलं, आणि मग काही वेळाने आणखी एकदा म्हटलं.

आज त्या बोलण्याचं मी काय म्हणू? पुढे माझी सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून गेली. बोलणारी माणसं ऐकणं हाच माझा धंदा झाला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून 'मी मन्हा डोयाघाई देखं' म्हणायचा आणि माझ्या बोटांखालून कागदावर उतरायचं, 'सदर घटना मी प्रत्यक्ष पाहिली आहे.' इतकी वर्षं ऐकल्यावर एक गोष्ट कळली की माणूस जेव्हा उसन्या सुरात बोलतो तेव्हा तो वाक्याच्या शेवटाला जरा जास्त जपतो. पाहुण्यांच्या घरची कपबशी धरावी तसा. श्रीकांत तसा बोलत होता. पण मला तेव्हा कुठे कान होते? नुसतीच भूक होती.

त्याच्यामागून त्याची आई उतरली. ठेंगणी, काळीसावळी, नव्या पातळाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मायने ठरल्याप्रमाणे 'या, बसा' म्हटलं आणि हसली. ती बाईही हसली. श्रीकांत लगेच म्हणाला, 'आईचा घसा बसलाय हो. डॉक्टरांनी बोलायला अगदी मनाई केली आहे.' आप्पांनी इतकी काळजी दाखवली की जणू घसा त्यांचाच. गरम पाणी आणा, हळद आणा, पंखा बंद करा. त्या बाईने हातानेच नको नको केलं आणि खाली मान घालून बसली.

जेवायला पुरणपोळ्या होत्या, पण त्याआधी हौसेने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं होतं. श्रीकांतने ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, 'ह्या भाकरीला काय म्हणतात बरं?' आप्पांनी जीभ मागे वळवून, घाम पुसून सांगितलं, 'क-ळ-ण्याची.' 'अच्छा, अच्छा,' तो म्हणाला, 'वेगळीच दिसते नाही?' आणि मग त्या न ओळखलेल्या भाकरीचा त्याने एका हाताने तुकडा मोडला, त्याची वाटी केली, भरताचा घास त्यात धरला आणि वरून हिरव्या मिरचीचा चावा घेतला. पुण्याचा माणूस पहिल्यांदाच कळण्याची भाकरी खाताना असं करत नाही. त्याची जीभ पुण्याला गेली होती, हात दोंडाईच्यातच राहिला होता. मी दाराच्या फटीतून हे पाहिलं, आणि तरी मला काही समजलं नाही.

बायकांचं बसणं आत स्वयंपाकघरात होतं. आक्का पडद्याआड चहाचा ट्रे सजवत उभी; मी तिच्या शेजारी. माय चुलीपाशी खापरावर पोळ्या टाकत होती. उपडं ठेवलेलं मातीचं खापर लाल तापलेलं, आणि माय दोन्ही हातांवर पुरणाची पोळी झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवत होती. समोर पाटावर श्रीकांतची आई. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. हसून झालं की चुलीकडे बघायच्या, मग पुन्हा हसायच्या. असं बराच वेळ चाललं. दोन बायका एका चुलीपाशी बसल्या आहेत आणि कुणीच बोलत नाही, असं मी त्याआधी फक्त मयताच्या घरी पाहिलं होतं.

मग मायच्या हातावरची एक पोळी कडेने विरायला लागली. मायला दिसलं नव्हतं. समोरच्या बाईला दिसलं. ती पाटावर पुढे सरकली, हात पुढे केला, मागे घेतला, ओठ दाबले, आणि मग तिला राहवलं नाही.

'वं बाई, फाटी जाई! उलटा हातवर ली, उलटा हातवर!'

मायने झटकन पोळी उलट्या हातावर घेतली, खापरावर टाकली, आणि तोंडातून निघून गेलं, 'माय वं, आते पडती व्हती चूलमा!'

आणि दोघी एकदम थांबल्या. मायने तोंडावर पदर घेतला. त्या बाईने तोंडावर हात ठेवला. बाहेरून श्रीकांतचा आवाज येत होता, तो पुण्याच्या हवेविषयी काही सांगत होता. 

'तुम्हना घसा?' मायने हळूच विचारलं.

'मन्हा घसाले काय व्हयनं?' ती बाई म्हणाली. 'बरा शे. पोऱ्यानी सांगेल शे, माय, तू तोंड उघाडजो नको, लगीन मोडी जाई.'

माय म्हणाली, 'माले बी तेच सांगेल शे.'

तिथून त्या दोघी जे बोलू लागल्या ते थांबल्याच नाहीत. आधी कुजबुजत, मग साध्या आवाजात. ती बाई नवरा गेल्यावर गाव सोडून मुलाकडे आली होती. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मुलगा चांगला होता, औषधपाणी करायचा, पातळं आणायचा. फक्त त्याचे मित्र आले की ती आतल्या खोलीत जायची. जिन्यात शेजारीण भेटली, काही विचारलं, तर नुसती मान हलवायची. 'शेजारनी बाईले त्यानी सांगी देयेल शे, मन्ही मायले आयकू येस नही,' ती म्हणाली. 'ती बाई आते मन्हासंगे हातवारा करीसनी बोलस. मी बी करस. काय करसू?' हे सांगताना ती रडली नाही. उलट हसली, हात हलवून त्या शेजारणीची नक्कल करून दाखवली. मायही हसली. मग मायने एकदम हसणं थांबवलं आणि तिच्या गुडघ्यावर पिठाचा हात ठेवला.

माझ्या शेजारी आक्का हे सगळं ऐकत होती. तिने ट्रे उचलला. कपांचा आवाजही झाला नाही. ती बाहेर गेली, चहा दिला, आणि समोर ठेवलेल्या खुर्चीवर बसली. मी दाराच्या फटीत आले.

'आपलं शिक्षण कुठवर झालं आहे?' श्रीकांतने विचारलं.

'बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे,' आक्का म्हणाली. इतकं स्वच्छ, इतकं गोळीबंद मराठी की आप्पा खुर्चीत ताठ झाले. 'मी एक विचारू का?'

'अवश्य.'

'तुमच्या आईंचा घसा कधीपासून बसला आहे?'

'झाले असतील चार-सहा दिवस,' तो म्हणाला. 'हवाबदल, दुसरं काय.'

'त्या आत माझ्या आईशी बोलताहेत. छान बोलतात. तुम्ही ऐकलं नसेल बऱ्याच दिवसांत, म्हणून सांगते.'

भिकनमामांच्या हातातला कप बशीवर आपटला. आप्पांना काही कळलं नव्हतं. ते अजून मुलीच्या ळ आणि ण यांवरच खूष होते. श्रीकांतचा चेहरा मात्र उतरला. आक्का उठून उभी राहिली आणि मग ती तिच्या खऱ्या भाषेत आली.

'आप्पा, माले हाऊ पोऱ्या पसंत नही. जो मायले मुकी करस, तो बायकोनं काय करी?'

आणि तेव्हा त्या पुण्याच्या रेडिओमधून, त्या दिलगीर माणसाच्या तोंडून, घाबरून, कुठलीही कपबशी न सांभाळता निघालं, 'काबरं? मी काय करं?'

अस्सल दोंडाईच्याचं. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराने मार खाताना म्हणावं तसं. मी त्या आवाजाच्या प्रेमातून जेवढ्या वेगाने बाहेर पडले तेवढ्या वेगाने पुढे आयुष्यात कशातूनच पडले नाही. त्याच्या त्या खऱ्या बोलण्याची मला शिसारी आली असं नाही. ते बोलणं तर माझ्या घरचंच होतं. शिसारी आली ती त्याने ते इतकी वर्षं कुठल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, आणि त्याच्यासोबत कुणाला, त्याची.

जीप गेली. पोळ्या तशाच राहिल्या. आप्पा दिवसभर ओसरीवर येरझारा घालत राहिले. 'पोरगीनी नाक कापं,' असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मायने आतलं सगळं सांगितल्यावरही त्यांना वाटत होतं की चूक मुलीची झाली. तिने शेवटचं वाक्य तरी शुद्ध बोलायला हवं होतं! हे ते खरोखर म्हणाले. माझा बाप मूर्ख नव्हता, उसाचा हिशेब तोंडी करायचा, माणसं ओळखायचा. पण एका हॉटेलातल्या हसण्याने त्याची अक्कल अशी खाऊन टाकली होती की आईला बहिरी ठरवणाऱ्या माणसात त्याला फक्त 'आहोत' ऐकू येत होतं.

काही दिवसांनी भिकनमामा पुन्हा आले. मुलगा अजूनही तयार आहे म्हणाले. झालं गेलं तो मनावर घेणार नाही. मुलगी हुशार आहे, पुण्यात राहिली की वर्षभरात भाषा सुधारेल, तो स्वतः लक्ष घालेल. फक्त त्या दिवशीची गोष्ट नातेवाइकांत बोलायची नाही. आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी आक्काच्या खोलीकडे पाहिलं. ते 'हो' म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण माय दारात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हात पिठाचे. पाहुण्यापुढे, तोही स्वतःच्या भावापुढे, नवऱ्याच्या आधी बोलण्याची तिची रीत नव्हती.

'भाऊ, त्या पोऱ्याले सांगजात,' ती म्हणाली, 'आम्हनी पोरगी तठे येवाव नही. पन त्यानी मायले धाडी द्या म्हना. चार दिन आठे ऱ्हाई, पोटभर बोली जाई.'

मामांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा रेडिओकडे बघत होते. तो बंद होता.

मुलाने पाठवलं नसतं; पण उन्हाळ्यात त्या बाई एका लग्नासाठी दोंडाईच्याला आल्या आणि तिथून परस्पर एसटीने आमच्याकडे उतरल्या. चांगल्या राहिल्या. गच्चीवर मायबरोबर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घातले, माझ्या केसांतल्या उवा काढल्या, आक्काला म्हणाल्या, 'तू नही म्हनी, बरं करं.' दिवसभर बोलायच्या. आप्पांना शेतात अचानक फार कामं निघू लागली. त्या गेल्यावर घर रिकामं वाटलं. नंतर त्यांची आणि आमची भेट झाली नाही. काही वर्षांनी मामांकडून कळलं की त्या पुण्यातच वारल्या.

आक्काचं लग्न अक्कलकुव्याला झालं. हायवेवर भाऊजींचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांच्या बोलण्याविषयी काय सांगू? निम्मं गुजराती, थोडं ट्रकवाल्यांचं हिंदी, डोंगरातून मोलगीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून चिकटलेले भिलीतले शब्द, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी अहिराणी. बघायला आले तेव्हा त्यांनी आक्काला विचारलं होतं, 'तुले चा करता येस ना? माले तं नही येत.' मला तो माणूस अडाणी वाटला. आक्का मात्र पडद्याआड आल्यावर म्हणाली, 'काय गोड बोलस वं हाऊ!' चव ज्याची त्याची. मी त्या चवीची आजही चेष्टा करते, आणि भाऊजी आजही चहा करत नाहीत.

आता काळ उलटला आहे, म्हणजे उलटा झाला आहे. माझ्या भाच्याची मुलं घरात टीव्हीसारखं बोलतात, 'मी करतीये', 'आपण जातोय ना'. पण लग्नात डीजेवर अहिराणी गाणी लावून नाचतात आणि मोबाईलवर अहिराणीत व्हिडिओ टाकतात. ज्यांना आजीशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत ते टोपी घालून 'मन्हा खान्देश' म्हणतात. लाज ओसरली हे बरं झालं. तिच्या जागी आलेल्या या नखऱ्याचं काय करावं ते मला कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात नंदुरबारला बोलीभाषेचा असाच एक कार्यक्रम होता. आक्काच्या नातीचं त्यात नृत्य होतं, म्हणून आम्ही दोघी गेलो. पुढच्या रांगांत शाली आणि मागच्या रांगांत आम्ही. प्रमुख पाहुणे पुण्याहून आले होते. पिकलेले केस, खादीचा कुडता. नाव पुकारलं तेव्हाही मला लागलीच कळलं नाही. माणूस बोलायला उभा राहिला तेव्हा कळलं. श्रीकांत. तो अहिराणीत बोलत होता. 'मन्ही माय,' तो म्हणाला, आणि थांबला, 'मन्ही मायनी बोली म्हणजे मन्हा श्वास शे.' 'म्हणजे', 'श्वास' हे शब्द पुस्तकातले. मध्येच पुणं डोकावत होतं. आईच्या मांडीवर ही भाषा त्याला कशी मिळाली, तिच्या ओव्या, तिचं बोलणं त्याच्या कानात अजून कसं घुमतं, हे त्याने सांगितलं. चष्मा काढून डोळे पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या मास्तरांचेही डोळे भरून आले होते.

माझं डोकं तडकलं. मी आक्काचा हात धरला आणि उठायला लागले. पुढे जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनावायचे असं मी ठरवलं होतं. कुठल्या भाषेत तेही ठरवलं होतं.

आक्काने मला खाली ओढलं. ती व्यासपीठाकडे पाहतही नव्हती. तिची नजर पडद्याकडे होती, जिथून नात येणार होती.

'बस खाले,' ती म्हणाली. 'बोलू दे त्याले. जिनी आयकाले पायजे व्हतं ती तं गयी.'